घोड्यावरून कोळंबी, पतंगाने मासा

बेल्जियममधल्या ऊस्टडाउनकेर्क गावात कोळंबी पकडायला होडी लागत नाही, घोडा लागतो. तोही ब्राबांट जातीचा, थोराड हाडापेराचा. ओहोटीच्या वेळी पिवळा रेनकोट चढवून मच्छीमार घोड्यावर मांड ठोकतो आणि घोडा छातीभर पाण्यात किनाऱ्याला समांतर चालू लागतो. मागे नरसाळ्याच्या आकाराचं जाळं, आणि त्याचं तोंड उघडं राहावं म्हणून दोन बाजूंना दोन फळ्या. खरी गंमत मात्र जाळ्याबरोबर ओढल्या जाणाऱ्या साखळीत आहे. साखळी वाळूवरून घासत जाते, वाळू थरथरते, आत दडलेली कोळंबी दचकून उडी मारते आणि थेट जाळ्यात पडते. घोड्याच्या दोन्ही अंगांना टोपल्या लटकवलेल्या असतात, त्यांत माल भरायचा आणि नंतर उकडायचा. २०१३ मध्ये युनेस्कोने या घोडेस्वारांना अमूर्त वारशाच्या यादीत मानाने बसवलं, तेव्हा गावातली जेमतेम बारा घरं हे काम करत होती.

कोळंबी कशाने दचकते हे आधी कुणाला तरी पाण्यात उभं राहून कळलं असणार. साखळी नंतर आली. जगभरच्या मासेमारीत हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. आधी माशाचा स्वभाव ओळखायचा, मग जाळं विणायचं. ज्यांनी हा क्रम पाळला त्यांच्या युक्त्या शेकडो, काही ठिकाणी तर हजारो वर्षं टिकल्या आहेत.

पाणकावळ्याचा वाटा

जपानमध्ये गिफू शहरातून नागारा नदी वाहते. ११ मे ते १५ ऑक्टोबर या काळात तिथे रात्री लाकडी होड्या निघतात. होडीच्या टोकाला लोखंडी पिंजऱ्यात पाइनची लाकडं धडधडून पेटलेली असतात. त्या उजेडाने आयू नावाचे मासे बिथरतात, सैरावैरा पळतात. कमरेला गवताचं वस्त्र गुंडाळलेला ‘उशो’ हातात दहा-बारा दोऱ्या धरून उभा असतो आणि प्रत्येक दोरीच्या टोकाला एक पाणकावळा असतो. पक्षी बुडी मारतो, मासा गिळतो. पण गळ्याभोवती बांधलेल्या दोरीमुळे मोठा मासा खाली उतरत नाही. छोटे मासे उतरतात, तो पक्ष्याचा वाटा! पळत्या पाण्यात, धुरात, अंधारात या दोऱ्यांचा गुंता होऊ न देणं हे उशोचं कसब. तेराशे वर्षांहून जुनी ही कला. गिफूच्या उशोंना जपानच्या राजघराण्याचा कारभार पाहणाऱ्या खात्याकडून अधिकृत हुद्दा मिळतो आणि त्यांनी पकडलेले काही आयू राजवाड्यात जातात. चार्ली चॅप्लिन हे पाहायला दोनदा गिफूला गेला होता.

बांगलादेशात नराईल आणि सुंदरबनच्या परिसरात हेच काम पाणमांजरं करतात. रात्री होडीच्या बाजूला जाळं सोडायचं, मोठी पाणमांजरं दोरीने बांबूला बांधून पाण्यात उतरवायची. त्यांनी काठावरच्या झाडोऱ्यातून मासे हुसकायचे, मच्छीमाराने जाळं उचलायचं. पिल्लांना मात्र कुणी बांधत नाही. ती आईबापांना सोडून जात नाहीत आणि त्यांच्याच मागे पोहत पोहत धंदा शिकतात.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला टोरेस सामुद्रधुनीत आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तर माशालाच गळ केलं होतं. रेमोरा माशाच्या डोक्यावर एक चकती असते, तिने तो मोठ्या प्राण्यांना घट्ट चिकटतो. त्याच्या शेपटीला दोरी बांधायची आणि कासव दिसलं की त्याला पाण्यात सोडायचं. तो कासवाला चिकटला की दोरी हळूहळू ओढून घ्यायची.

डॉल्फिनने खूण केली की पाग टाकायचा

प्राण्यांच्या मदतीने केलेल्या मासेमारीत मला सगळ्यात भारी वाटते ती ब्राझीलच्या लागुना गावची गोष्ट, कारण तिथे दोरी नाही, फास नाही, पिंजरा नाही. डॉल्फिन रानटी आहेत, मनात आलं तर येतात.

समुद्राचं पाणी जिथे खाडीत शिरतं तिथे माणसं कमरेभर पाण्यात ओळीने उभी असतात. प्रत्येकाच्या हातात पाग, कोकणातल्या खाड्यांत टाकतात तसाच, कडेला शिसं ओवलेला. पाणी इतकं गढूळ की आपल्याच पायाशी मासा असला तरी दिसू नये. म्हणून कुणी उगाच पाग टाकत नाही. मे-जूनमध्ये बोय मासे थव्याथव्याने किनाऱ्याजवळून जातात, त्यांना हाकत हाकत डॉल्फिन माणसांच्या रांगेकडे आणतात. मग एखादा डॉल्फिन पाठीची कमान करून वेगळ्याच तऱ्हेने खोल बुडी मारतो, कधी डोकं किंवा शेपटी पाण्यावर आपटतो. तीच खूण. क्षणात चार-पाच पाग हवेत फुलतात आणि एकदम पाण्यावर पडतात. बोयांचा थवा फुटतो. काही पागात सापडतात, आणि वाट चुकलेले एकटेदुकटे मासे डॉल्फिनला आयते मिळतात.

संशोधकांनी ड्रोन आणि पाण्याखालचे मायक्रोफोन लावून हे सगळं तपासलं आणि २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. खुणेबरोबर नेमका पाग टाकणाऱ्यांना जवळजवळ चौपट मासे मिळतात. डॉल्फिनचाही फायदा आहे: माणसांबरोबर शिकार करणाऱ्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा १३ टक्क्यांनी जास्त निघाली. लागुनातले सगळेच डॉल्फिन या कामात नसतात. जे येतात त्यांना मच्छीमार पाठीवरच्या पंखाच्या खुणांवरून ओळखतात, नावाने हाक मारतात. डॉल्फिनच्या माद्या पिल्लांना घेऊन येतात, मच्छीमार मुलांना घेऊन येतात. शंभरहून अधिक वर्षं दोन्हीकडच्या पिढ्या एकमेकांकडून शिकत आल्या आहेत. मासे कमी झाले तर हे नातं टिकणार नाही, असा इशाराही त्याच अभ्यासात आहे, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा.

म्यानमारच्या इरावती नदीवरही असाच करार आहे. तिथे मच्छीमार काठीने होडीच्या कडेवर टकटक करतो आणि डॉल्फिनला बोलावतो.

कोळ्याच्या जाळ्यात मासा

हा कोळी म्हणजे आठ पायांचा. सॉलोमन बेटांवर टोळ मासा पकडायला पतंग उडवतात. सुईसारख्या लांब चोचीचा हा मासा पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरतो आणि होडीची सावली पडली तरी पळून जातो. म्हणून झाडाच्या पानांचा पतंग करायचा, तो होडीपासून दूर उडवायचा आणि त्याच्या दोरीला कोळ्याच्या जाळ्याचा गोळा लटकवायचा. वाऱ्याने पतंग हलतो, गोळा पाण्यावर नाचतो, टोळाला वाटतं काहीतरी जिवंत आहे. तो झडप घालतो आणि त्याचे बारीक दात त्या चिवट धाग्यांत अडकून बसतात. गळ नाही, आमिष नाही, लोखंडाचा तुकडाही नाही.

म्यानमारच्या इनले सरोवरातले इंथा लोक एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाने वल्हं मारतात. सरोवरात पाणवनस्पतींची दाटी, त्यामुळे बसून पुढचं दिसत नाही. उभं राहिलं की वाटही दिसते आणि जाळं टाकायला दोन्ही हात मोकळे राहतात. श्रीलंकेत कोग्गला-वेलिगामाच्या किनाऱ्यावर समुद्रात रोवलेल्या खांबांवर बसून गळ टाकणारी माणसं कॅलेंडरांवरून सगळ्यांना माहीत आहेत. ही चाल वाटते तितकी प्राचीन नाही, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झाली. आता त्या खांबांवर बसणाऱ्यांपैकी बरेच जण पर्यटकांच्या फोटोंवर पोट भरतात.

भरती-ओहोटीची चाकरी

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात बुज बिम नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या थंड झालेल्या लाव्हारसाच्या दगडांत गुंडिचमारा या आदिवासींनी चर खोदले, बांध घातले, पाणी वळवलं आणि वाम मासे अडवून वाढवले. कधीची गोष्ट? किमान ६,६०० वर्षांपूर्वीची. गिझाचे पिरॅमिड तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हते. चराच्या तोंडाशी विणलेली लांबोडकी टोपली लावायची, हवी तेवढी वाम काढायची, बाकीची पुढे जाऊ द्यायची. २०१९ मध्ये हे ठिकाण जागतिक वारसा झालं. त्यानंतर लगेचच लागलेल्या वणव्यात गवत जळालं आणि तोवर कुणाच्या नजरेस न आलेले आणखी काही चर उघडे पडले.

हवाई बेटांवर किनाऱ्यालगत दगडी भिंत घालून तळी केली आहेत. ओआहू बेटावरच्या हेएआ तळ्याची भिंत सुमारे दोन किलोमीटर लांब आणि तळं सहाशे ते आठशे वर्षं जुनं. भिंतीत लाकडी गजांची दारं असतात. पिल्लं गजांमधून आत येतात, शेवाळ खाऊन गलेलठ्ठ होतात आणि मग त्याच गजांमधून बाहेर पडता येत नाही. भरतीच्या वेळी समुद्राच्या ताज्या पाण्याच्या ओढीने मोठे मासे दारापाशी गर्दी करतात, तिथेच ते उचलायचे.

याच अकलेचं आपल्या जवळचं रूप गोव्यात आहे. मांडवी-जुवारीच्या काठची खाजन शेती म्हणजे समुद्राकडून बांध घालून मिळवलेली जमीन. बांधाला जिथे दार असतं त्याला मानस म्हणतात. मानशीच्या लाकडी झडपा अशा बसवलेल्या असतात की भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की त्या आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर निघू लागलं की आपोआप उघडतात. विजेची मोटर नाही, रखवालदाराने रात्री उठायचं नाही. आत पावसाळ्यात खाऱ्या जमिनीला सोसणारं कोरगुट भात पिकतं आणि ओहोटीला मानशीच्या तोंडाशी पिशवीसारखं जाळं लावलं की कोळंबी, खेकडे, मासे पाण्याबरोबर त्यात येऊन पडतात. मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावाने दिला जातो, आणि गावकरी संस्थेच्या व्यवस्थेत या उत्पन्नाचा बांधांच्या देखभालीशी सरळ संबंध होता. बांध फुटला तर भातही गेलं आणि मासळीही गेली, त्यामुळे डागडुजीला सगळा गाव धावायचा. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून चाललेली ही व्यवस्था आज ठिकठिकाणी मोडकळीला आलेली पाहून जीव तुटतो. एकदा खारं पाणी शिरलेल्या शेतात भात पुन्हा उभं करणं फार अवघड असतं.

वसई, उत्तन, अर्नाळ्याच्या समुद्रातली डोलही पाण्याच्या ओढीवरच चालते. लांबलचक पिशवीसारखं जाळं एका जागी रोवून त्याचं तोंड प्रवाहाकडे करायचं. बोंबील आणि जवळा पाण्याबरोबर वाहत येतो. म्हणून डोलकराचं कॅलेंडर तिथीचं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाण्याला ओढ जास्त म्हणून मासळी जास्त, अष्टमीच्या सुमारास भांगेला पाणी मंद. आणि पाणी उलटं फिरायच्या आत डोल उचलली नाही, तर धरलेली मासळी तोंडातून परत गेली म्हणून समजा.

रेशमाच्या किड्यावर पोसलेला मासा

मासे पाळण्याचं जगातलं सगळ्यात जुनं ज्ञात पुस्तक चीनमधल्या फान ली या मुत्सद्द्याच्या नावावर आहे, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं. राजकारण सोडून तो व्यापारात उतरला आणि श्रीमंत व्हायचे मार्ग सांगताना त्याने कार्प मासे पाळण्याचा सल्ला दिला. सल्ला चीनने मनावर घेतला. आज जगातलं निम्म्याहून अधिक मत्स्यपालन एकट्या चीनमध्ये होतं.

त्याच देशात हूचौ भागात एक अफलातून साखळी चालते. तळ्याच्या बांधावर तुतीची झाडं. तुतीची पानं रेशमाच्या किड्यांना. किड्यांची विष्ठा आणि कोश काढल्यावर उरलेले किडे तळ्यातल्या माशांना. माशांच्या विष्ठेचा सुपीक गाळ उपसून पुन्हा तुतीच्या बुंध्याशी. काहीही फुकट जात नाही, एकाच तळ्यातून रेशीमही मिळतं आणि कालवणही! त्याच प्रांतातल्या चिंगत्यान परगण्यात भाताच्या खाचरातच मासे सोडतात. मासे कीड आणि तण खातात, पाणी ढवळतात, खत देतात. बाराशेहून अधिक वर्षं चाललेली ही पद्धत २००५ साली जागतिक कृषी वारशाच्या पहिल्या मानकऱ्यांत गणली गेली.

आणि सांडपाण्यावर मासे? कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरांवर पसरलेल्या पाणथळीत शहराचं सांडपाणी उथळ तळ्यांत सोडतात. या तळ्यांना भेरी म्हणतात. ऊन, शेवाळ आणि जिवाणू मिळून पाणी निवळतात, शेवाळावर मासे वाढतात, पुढे त्याच पाण्यावर भाजी पिकते. महानगराचं पाणी फुकटात शुद्ध होतं आणि स्वस्त मासळी मिळते. ही व्यवस्था मच्छीमारांनीच अनुभवातून घडवली होती; तिचं मोल जगाला पटवून दिलं ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने. २००२ मध्ये या पाणथळीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा रामसर दर्जा मिळाला. शहर त्या बाजूला वाढत चाललं आहे, आणि भेऱ्या बुजवणं म्हणजे फुकट चालणारा जलशुद्धीकरण प्रकल्प पाडून टाकणं, इतका साधा हिशोब आहे.

युरोपातली तऱ्हा वेगळी. प्राचीन रोमच्या धनिकांना मत्स्यतळ्यांचं इतकं वेड होतं की लुकुलुस नावाच्या सेनापतीने समुद्राचं पाणी तळ्यात आणायला चक्क डोंगर पोखरला. अंतोनिया या राजघराण्यातल्या बाईने आपल्या लाडक्या वाम माशाला कर्णभूषणं घातली होती, असं रोमन लेखक प्लिनी लिहून गेला आहे. क्रासुस नावाचा वक्ता पाळलेली वाम मेली म्हणून रडला. प्रतिस्पर्ध्याने त्यावरून टोमणा मारला तेव्हा त्याने उलट विचारलं की तुझ्या तीन बायका वारल्या, तू तर तेवढाही रडला नाहीस!

चेक प्रजासत्ताकातल्या त्रेबोन परिसरात सोळाव्या शतकात खोदलेली तळी अजून वापरात आहेत. याकुब कर्चीन या स्थापत्यकाराने १५८४ ते १५९० या काळात बांधलेलं रोझम्बेर्क हे त्यांतलं सगळ्यात मोठं. शरद ऋतूत तळ्याचं पाणी सोडून देतात आणि उरलेल्या डबक्यात खळबळणारे कार्प जाळ्याने ओढून काढतात. गावोगावचे लोक पाहायला जमतात. नाताळच्या आदल्या रात्री चेक घरांत कार्प हवाच. जिवंत मासा आणून दोन-तीन दिवस बाथटबमध्ये ठेवायची तिथे रीत होती. पोरं त्याचं नाव ठेवायची आणि मग जेवायला नकार द्यायची. ताटाखाली ठेवलेला कार्पचा खवला वर्षभर पाकिटात बाळगला की पैसा कमी पडत नाही, अशी तिथली समजूत आहे.

प्रयोगशाळेतून ताटात

२०२२ साली माणसाने पाळलेल्या जलचरांचं उत्पादन पहिल्यांदाच पकडलेल्या जलचरांपेक्षा जास्त झालं, ९४.४ दशलक्ष टन. हे साधलं त्यामागे काही अतिशय चिकाटीची माणसं आहेत, आणि त्यांतला एक आपला आहे.

रोहू, कटला, मृगळ हे मासे वाहत्या नदीचे. पावसाळ्यात पूर आला की अंडी घालतात. तळ्यात ते मजेत वाढतात, पण अंडी घालत नाहीत, कारण पुराची खूणच मिळत नाही. त्यामुळे दर वर्षी नदीतून मत्स्यजिरे गोळा करायचं, त्यात भलत्याच माशांची पिल्लं मिसळलेली असायची, आणि निम्मी तळी मनासारखं बीज न मिळाल्याने रिकामी राहायची. हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने यावर उपाय शोधला. एका माशाच्या मेंदूखालची इवलीशी पीयूष ग्रंथी काढायची, खलायची आणि तिचा अर्क दुसऱ्या माशाला टोचायचा. पुराचं पाणी जे काम करतं ते या थेंबाने केलं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळ इथे के. एच. अलीकुन्ही यांच्या साथीने त्यांनी तळ्यातल्या माशांची अशी वीण यशस्वी केली. आज विदर्भातल्या मामा तलावांत ढीवर बांधव बोटुकली सोडतात आणि पुण्या-नागपूरच्या बाजारात रोहू-कटल्याचे ढीग लागतात, त्याची सुरुवात त्या थेंबात आहे. १० जुलै हा दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. चौधरींचं नाव मात्र शाळेच्या पुस्तकात नसतं. ते असायला हवं.

दुसरी व्यक्ती इंग्रज. कॅथलीन ड्रू-बेकर. सुशीभोवती गुंडाळतात ते नोरी शेवाळ जपानी लोक शतकानुशतकं खाडीत बांबू रोवून वाढवत होते, पण त्याचं बी कुठून येतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १९४८ च्या सुमारास पीक कोसळलं, किनाऱ्यावरची घरं उपाशी पडली. लग्न झालं म्हणून विद्यापीठाने नोकरीवरून काढलेली कॅथलीन तेव्हा इंग्लंडमध्ये बिनपगारी संशोधन करत होती. वेल्सच्या किनाऱ्यावरच्या नोरीच्याच जातभाई शेवाळावर काम करताना तिला आढळलं की उन्हाळ्यात ते शिंपल्यांच्या आत, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गुलाबी तंतूंच्या रूपात राहतं. १९४९ मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. जपानी शास्त्रज्ञांनी त्यावरून शिंपल्यांत बी तयार करण्याचं तंत्र बसवलं आणि नोरीचा उद्योग पुन्हा उभा राहिला. कॅथलीन १९५७ मध्ये वारली. जपान तिने कधी पाहिलाच नाही. पण कुमामोतोच्या उतो शहरात तिचं स्मारक आहे आणि दर वर्षी १४ एप्रिलला नोरी पिकवणारे लोक तिथे जमून ‘समुद्रमाते’ला वंदन करतात.

जपानच्या किंदाई विद्यापीठाने कुपा अर्थात ब्ल्यूफिन टूना पाळायचा ध्यास १९७० मध्ये घेतला. पिल्लं एकमेकांना खायची, वाढलेले मासे भरवेगात जाळीवर आपटून मान मोडून मरायचे. अंड्यापासून मासा आणि त्या माशापासून पुन्हा अंडी, हे चक्र पूर्ण झालं २००२ साली. बत्तीस वर्षं!

सुशीवरचा कच्चा सामन ही जपानी परंपरा वाटते ना? ती नॉर्वेची करामत आहे. जपानच्या समुद्रातल्या सामनमध्ये परजीवी असतात, म्हणून तिथे तो शिजवूनच खात. नॉर्वेत १९७० पासून सामन पिंजऱ्यांत वाढू लागला, पुढे तो मुबलक झाला, आणि ऐंशीच्या दशकात नॉर्वेच्या लोकांनी टोकियोत तळ ठोकून वर्षानुवर्षं पटवलं की आमचा पाळीव मासा कच्चा खाल्लेला चालतो. आता जपानी पोरांची ती आवडती सुशी आहे. आणखी एक गंमत: रानटी सामनचं मांस केशरी होतं ते कवचवाले बारीक जीव खाऊन. पाळलेल्याला तोच रंगद्रव्याचा घटक खाद्यातून देतात, नाहीतर तो फिकट दिसेल. कुठला केशरी हवा ते ठरवायला रंगाच्या दुकानात असतं तसं छटांचं कार्डही असतं.

१९६५ मध्ये जपानचे युवराज अकिहितो, जे स्वतः माशांचे अभ्यासक, त्यांनी थायलंडच्या राजाला ५० तिलापिया भेट दिले. राजाने ते राजवाड्याच्या तळ्यात वाढवले आणि पुढच्या वर्षी दहा हजार पिल्लं मत्स्य खात्याला दिली. आज तो तिथल्या गोरगरिबांचा रोजचा मासा आहे. उजनीच्या काठी, भिगवण-इंदापूरकडे चुलीवर तळली जाणारी चिलापी याच गोतावळ्यातली. ब्राझीलमध्ये तर तिलापियाची निर्जंतुक केलेली कातडी भाजलेल्या जखमांवर पट्टी म्हणून लावतात. २०१७ च्या कॅलिफोर्नियातल्या वणव्यात पंजे भाजलेल्या दोन अस्वलांवरही पशुवैद्यांनी ती बांधली होती.

रायगडकरांसाठी एक खास बातमी. पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात शेततळ्यांत जपलेला, पाहुणा आला की काढायचा तो जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की त्याची मादी होते. त्यामुळे सगळे मोठेच जिताडे काढून संपवले, तर अंडी घालायला कुणी उरत नाही.

कधी धरायचं नाही

नायजेरियाच्या अर्गुंगू गावात उत्सवासाठी नदीच्या एका पट्ट्यात मासेमारी बंद ठेवतात. उत्सवाच्या दिवशी हजारो पुरुष हातजाळी आणि पोकळ भोपळे घेऊन एकदम पाण्यात उड्या टाकतात; भोपळा तरंगायलाही कामी येतो आणि मासा ठेवायलाही. १९३४ मध्ये दोन जुन्या वैरी संस्थानांच्या समेटातून हा उत्सव सुरू झाला. मालीतल्या बांबा गावाजवळचं पवित्र तळं तर वर्षातून एकदाच, कडक उन्हाळ्यात मासेमारीला उघडतं. इशारा होताच सगळे घुसतात आणि अर्ध्या तासाच्या आत तळ्यातले मासे संपतात. पकडलेला मासा कुणाच्याही घरी जात नाही, आधी तो वडीलधाऱ्यांपुढे येतो आणि मग त्याची वाटणी होते.

चीनच्या जीलीन प्रांतातलं छागान सरोवर हिवाळ्यात गोठतं. बर्फाला भोकं पाडून खालून जाळं पसरतात आणि घोडे रहाटासारखं चाक फिरवून ते ओढतात. जाळ्याची आस सहा इंचांची, म्हणजे लहान मासे निसटून जावेत. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो, म्हणजे पाणबुड्या बायका, ऑक्सिजनची नळकांडी न घेता दहा मीटर खाली जातात आणि शंख, शेवाळ काढतात. कुठे, कधी, किती काढायचं हे त्यांचं मंडळ ठरवतं. किनाऱ्याजवळचा उथळ पट्टा म्हाताऱ्या झालेल्या बायकांसाठी राखून ठेवलेला असतो, तरण्या बायका तिथे उतरत नाहीत.

महाडजवळ वाळणकोंडच्या डोहात देवीचे म्हणून राखलेले महसीर मासे निर्धास्त फिरतात, लोकांच्या हातून लाह्या-चुरमुरे खातात. वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसेश्वराच्या डोहातही तसेच. जो मासा इतर नद्यांतून झपाट्याने कमी झाला, तो इथे नुसत्या श्रद्धेच्या कुंपणात वाचला आहे.

चंदेरी पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. सातपाटीचे मच्छीमार पापलेट जगवायला हवं असा आग्रह बरीच वर्षं धरून होते. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी धरण्याचं किमान आकारमान ठरवून दिलं. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. त्याहून लहान पापलेट टोपलीत दिसलं, तर त्याने एकदाही अंडी घातलेली नसतात.